ग्रँट मिळाली तर आधी काय घ्यावं: वॉक-इन कूलर की गार व्हॅन?

कणगी:
प्रश्न कॅलिफोर्नियातल्या छोट्या पॅन्ट्रींचा आहे. फूड बँक म्हणजे मोठं कोठार. तिथून आणि आसपासच्या दुकानांतून माल आणून कुटुंबांना वाटते ती पॅन्ट्री, बहुतेकदा एखाद्या चर्चच्या नाहीतर शाळेच्या खोलीत चालणारी. राज्याच्या एसबी १३८३ कायद्याने २०२२पासून सुपरमार्केटं आणि २०२४पासून मोठी रेस्टॉरंटं, २०० खोल्यांवरची हॉटेलं, शाळा यांना खाण्याजोगं उरलेलं अन्न फेकता येत नाही, द्यावं लागतं. माल वाढला, जागा तेवढीच राहिली. म्हणून साठवणीसाठी ग्रँट निघतात आणि अर्जात पहिली मागणी वॉक-इन कूलरची, म्हणजे माणूस आत जाऊ शकेल अशा गार खोलीची असते.

माझ्या मते हा क्रम चुकतो. आठवड्यातून एक-दोन दिवस उघडणाऱ्या पॅन्ट्रीने आधी रेफ्रिजरेटेड व्हॅन मागावी. दूध, चिकन, कापलेली फळं ४१ अंश फॅरनहाइटच्या आत राहायला हवीत. ऑगस्टात फ्रेझ्नोसारख्या ठिकाणी तीन दुकानं फिरून गाडीच्या डिकीतून माल आणला, तर तो पोचेपर्यंतच हातचा गेलेला असतो. कूलर गार माल गार ठेवतो, तापलेला माल गार करायला तो बनवलेलाच नसतो. उलट असे खोके आत ढकलले की शेजारचं चांगलं दूधही तापतं.

ओसरी:
अजिबात पटलं नाही. व्हॅन आणली की ड्रायव्हर आला, विमा आला, रात्री ती उभी करायची जागा आली. आणि दुकानाने सोमवारी दिलेला माल गुरुवारच्या वाटपापर्यंत ठेवणार कुठे? व्हॅनमध्ये तीन दिवस?

फूड बँक माल पॅलेटने, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेल्या खोक्यांच्या थप्पीने देते. ज्याच्याकडे गार जागा नाही त्याला अंडी, दूध, गोठवलेलं चिकन घेता येत नाही. त्याच्या वाट्याला डबाबंद मका आणि पास्ताच येतो. लोकांना दूध-अंडी हवी असतात. वाहतुकीचा प्रश्न त्या मानाने थोडक्यात सुटतो: जाड इन्सुलेटेड पेट्या, गोठवलेले जेल पॅक, खोक्यांवर टाकायचं थर्मल ब्लँकेट आणि माल उचलताना व उतरवताना वापरायचा प्रोब थर्मामीटर. फेरी अर्ध्या तासाची ठेवली की एवढ्यावर भागतं.

बिजागरी:
कूलर घ्यायचाच असेल तर अर्जाआधी टेप घेऊन दार मोजा. पॅलेट ४० बाय ४८ इंचांचं असतं आणि वॉक-इनचं नेहमीचं दार ३६ इंची. म्हणजे पॅलेट दारातच अडतं. मग एकेक खोका हाताने आत न्यायचा, तेवढा वेळ दार सताड उघडं. बाहेरची दमट हवा आत जाते, हवा गार करणाऱ्या बाष्पीभवकाच्या कॉइलवर बर्फ धरतो, पंख्याची हवा त्यातून जाईनाशी होते आणि तापमान चढायला लागतं. कॉम्प्रेसर अखंड चालू, तरी दूध ४८ अंशांवर. मेकॅनिक येऊन गॅस तपासतो, गॅस व्यवस्थित असतो. दोष दाराचा असतो.

म्हणून दार किमान ४८ इंचांचं, त्याला आतून प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आणि जमिनीबद्दल विक्रेत्याला लेखी विचारायचं: पॅलेट जॅकची (पॅलेट उचलून ढकलायच्या हातगाडीची) चाकं फिरणार आहेत, जमीन तशी मजबूत केली आहे का? जमिनीच्या साध्या पॅनलवर भरलेला जॅक फिरला की पत्रा दबतो, खालचं इन्सुलेशन चिरडतं.

बाहेरून ८ बाय १० फुटांच्या कूलरमध्ये कागदावर चार पॅलेट बसतात. माणसाला वाट ठेवली तर दोन. पंख्यासमोर छतापर्यंत खोके रचू नका. खोके जमिनीपासून ६ इंच वर, भिंतीपासून थोडे सुटे. आणि विजेचं आधी बघा: यंत्र थ्री-फेज आणि इमारतीत सिंगल-फेज असेल तर कूलर येऊन पडून राहतो. विजेचं पॅनल बदलायचा खर्च अर्जात नसतो, परवान्यात महिने जातात.

कणगी:
बिजागरी, तुम्ही तर माझीच बाजू मांडलीत. यातलं किती खर्चाच्या अंदाजात येतं? बहुतेक ग्रँट यंत्र घेऊन देतात, वीजबिल आणि दुरुस्ती देत नाहीत. त्यात बऱ्याच सरकारी ग्रँट परतफेडीच्या असतात, आधी तुम्ही खर्च करायचा, मग पैसे. छोट्या पॅन्ट्रीकडे एवढी गंगाजळी कुठली?

ओसरींचा ब्लँकेटचा मुद्दा मात्र मान्य. जवळच्या एका दुकानापुरतं ते चालेल. चार दुकानांच्या फेरीला नाही.

मेथीची_जुडी:
तुम्ही दोघंही यंत्रावर अडलात. बरीच नासाडी निवडण्यात आणि ठेवण्यात होते. केळी आणि टोमॅटो ४० अंशांत ठेवले की केळी काळी पडतात, टोमॅटो पिठूळ होतात. त्यांना ५५च्या वरची जागा लागते. सफरचंदांतून इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सुटतो, शेजारी ठेवलेली पालेभाजी पिवळी पडते. म्हणून पालेभाजी कूलरच्या दुसऱ्या टोकाला. एक कुजकं संत्रं पेटीत राहिलं की दोन दिवसांत पेटीभर बुरशी. माल आल्याबरोबर तासभर निवडायला दोन माणसं आणि एक टेबल, हे कूलरइतकंच गरजेचं.

दुसरं, तारखा. ‘बेस्ट बाय’ म्हणजे चवीचा अंदाज. त्या तारखेनंतरचे डबे, बिस्किटं, पास्ता कचऱ्यात टाकणं म्हणजे चांगलं अन्न घालवणं. शिशुआहाराची तारीख मात्र काटेकोर पाळायची. कॅलिफोर्नियाच्या एबी ६६० कायद्याने १ जुलै २०२६पासून ग्राहकाला दिसणारं ‘सेल बाय’ बंद, त्यामुळे घोळ कमी होईल.

आणि तयार पिशव्या देण्याऐवजी लोकांना शेल्फवरून निवडू द्यावं. आपल्याकडची वयस्कर मंडळी येतात तिथे तूरडाळ, तांदूळ, दही लगेच संपतं आणि डबाबंद मांस घरी नेऊन टाकलं जातं.

ओसरी:
मराठी मंडळांच्या दिवाळीतलं उरलेलं जेवण पॅन्ट्रीत नेता येतं का, हा प्रश्नही इथे येतोच. परवानाधारक केटररकडचं, वाढपाच्या टेबलावर न गेलेलं असेल आणि पॅन्ट्री शिजवलेलं अन्न घेत असेल तरच. १९९६चा एमर्सन कायदा सद्भावनेने देणाऱ्याला संरक्षण देतो, घोर निष्काळजीपणाला नाही. भात, आमटी १३५ अंशांवरून ७० वर दोन तासांत आणि तिथून ४१ वर पुढच्या चार तासांत आली पाहिजे. खोल पातेल्यात ती कधीच येत नाही. दोन इंची थर उथळ ट्रेमध्ये पसरा, झाकण अर्धं उघडं ठेवा.

मूळ वादाबद्दल: अर्जाआधी चार आठवडे दोन वजनं लिहा. आल्याआल्या फेकलेला माल किती पौंड, आणि जागा नाही म्हणून नाकारलेला किती. पहिला आकडा मोठा तर व्हॅन, दुसरा मोठा तर कूलर.

कणगी:
वजनं लिहायची तर पहिल्याचं जमेल, दुसऱ्याचं अवघड. आलेल्या मालाचे पौंड कायद्यासाठी नोंदवावेच लागतात, तिथेच फेकलेलेही लिहिता येतील, पण ‘या आठवड्यात नको’ असं फोनवर सांगितलेलं कुणी लिहीत नाही. दाराशी एक वही टांगा: तारीख, दुकान, माल, अंदाजे खोके, नाकारण्याचं कारण. ती भरली तर मी कूलरच्या बाजूने बोलेन.