मदत हवी आहे: ऑटिझम असलेल्या मुलाला बोलण्यातली खोच कशी शिकवावी?

मुलगा ९ वर्षांचा, ऑटिझम आहे. बोलतो भरपूर, वाचतोही; पण न बोललेलं कळत नाही. फोनवर कुणी ‘आई आहे का रे?’ विचारलं की ‘आहे’ म्हणतो आणि फोन ठेवून देतो. सासूबाई वैतागून म्हणाल्या, ‘ये, बस आता माझ्या डोक्यावर!’ तर हा खुर्ची ओढत आला. (घरात हसू येतं, शाळेत मात्र पोरं याचाच फायदा घेतात.)

स्पीच थेरपिस्टनी कॅरल ग्रे यांच्या पद्धतीच्या सोशल स्टोरीज (एखाद्या प्रसंगात काय होतं, लोक काय अपेक्षा करतात हे मुलाला समजावणाऱ्या छोट्या गोष्टी) सुचवल्यात. मला मिळाल्या त्या सगळ्या इंग्रजी, प्रसंगही तिकडचे. मराठीत कुणी घरी बनवल्यात का? चित्रं लागतात की फोटो चालतात? आणि घरात सगळ्यांनी सरळच बोलावं, की नेहमीसारखं बोलून लगेच अर्थ फोडून सांगावा? ‘मोठा झाला की कळेल’ हे भरपूर ऐकून झालंय, तेवढं सोडून काहीही सांगा.