विषय: पॅरिस-रोम प्रवास आणि संप – तिकीट रद्द करायचं का?

मांजलपूरहून

नमस्कार बडोदेकर मंडळी,
आई-बाबांचं तिकीट असं आहे: अहमदाबाद-दुबई-पॅरिस, आठ दिवसांनी पॅरिस-रोम (वेगळं तिकीट), मग रोम-दुबई-अहमदाबाद. दोघंही सत्तरीचे, बाबांना इन्सुलिन लागतं. दोन्ही देशांत संपाच्या बातम्या आहेत. आत्ताच रद्द करून टाकावं का?

दांडिया बाजारहून

ताई, मुळीच नको. आपण होऊन रद्द केलं की कंपनी मोकळी. कंपनीने रद्द केलं तर पूर्ण पैसे घ्यायचे की दुसरं विमान, ही निवड आपली. कित्येक संप आदल्या दिवशी मागेही घेतले जातात.

फ्रान्समध्ये २००७ च्या कायद्याप्रमाणे रेल्वे-मेट्रो चालवण्यासाठी ज्यांच्यावाचून अडतं अशा कर्मचाऱ्यांना आपण संपात उतरणार हे ४८ तास आधी कळवावं लागतं. त्यावरून उद्या कोणत्या गाड्या धावणार ते २४ तास आधी जाहीर होतं. रेल्वेची यादी साधारण आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला येते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ८:३०. तुम्ही बडोद्यात बसून यादी बघून त्यांना कळवू शकता. त्याआधी नुसत्या बातम्यांवरून काही ठरवू नका.

पॅरिसच्या मेट्रोत १, ४ आणि १४ या मार्गांवर चालकच नसतो, त्यामुळे बाकीचे मार्ग बंद पडले तरी हे तीन बहुधा चालू राहतात. हॉटेल यांपैकी एखाद्या स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर घ्या. माझ्या मते संपाच्या तयारीतली हीच सर्वांत कामाची गोष्ट. १४ नंबरची मेट्रो २०२४ पासून ऑर्ली विमानतळापर्यंत जाते, पण तुमचं विमान शार्ल द गोल या पॅरिसच्या दुसऱ्या विमानतळावर उतरत असेल. तिथून शहरात येणारी उपनगरी रेल्वे, आरईआर बी, संपात बरेचदा गार द्यु नोर स्टेशनला तोडतात: उतरा, जिने चढा-उतरा, दुसरी गाडी पकडा. बॅगा घेऊन सत्तरीत हे नको. विमानतळ ते शहर टॅक्सीचं भाडं सरकारने ठरवलेलं आहे. रांगेतलीच टॅक्सी घ्यायची, दाराशी हाक मारणाऱ्याच्या मागे जायचं नाही.

इटलीत 'शोपेरो' (म्हणजे संप) हा शब्द कानात ठेवायला सांगा. तिथे १९९० च्या कायद्याने किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, म्हणून वाहतूक मंत्रालयाच्या साइटवर संपांचं कॅलेंडर बघता येतं. रेल्वेचा संप बरेचदा रात्री ९ ते दुसऱ्या रात्री ९ असा असतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. सुट्टीच्या दिवशी ही हमी नसते. लोक फसतात ते इथे: संप सुरू झाल्यापासून तासाभरात मुक्कामाला पोचणारी गाडीच शेवटपर्यंत जाते, बाकीच्या मधल्या स्टेशनावर थांबवता येतात. म्हणून रात्री ८ च्या लांबच्या गाडीत त्यांना बसवू नका.

अलकापुरीहून

विमानाचं मी सांगतो. विमान रद्द झालं तर प्रवाशांना हक्क देणारा युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम संघाच्या देशांतून सुटणाऱ्या प्रत्येक विमानाला लागू आहे, कंपनी कुठलीही असो. भारतातून जाताना मात्र कंपनी युरोपची असेल तरच. म्हणजे आखाती कंपनीच्या तुमच्या तिकिटात जाताना हे कवच नाही, येताना आहे.

मग संप कोणाचा, ते बघायचं. कंपनीच्याच वैमानिकांचा किंवा केबिन कर्मचाऱ्यांचा असेल आणि विमान रद्द झाल्याचं उड्डाणाला १४ दिवसांपेक्षा कमी उरले असताना कळवलं, तर सहसा भरपाई मिळते: रोम-अहमदाबाद ३५०० किमीच्या वर असल्याने माणशी ६०० युरोपर्यंत. हवाई नियंत्रकांचा किंवा विमानतळाच्या सुरक्षा कर्मचाऱ्यांचा असेल तर भरपाई नाही. पण जेवण, रात्र काढावी लागली तर हॉटेल आणि पर्यायी विमान द्यावंच लागतं. काउंटरवर कोणी 'संप आहे, काही मिळणार नाही' म्हणालं तर ते अर्धंच खरं आहे. पैसे परत घेतले की मात्र हॉटेल आणि पर्यायी विमान दोन्हींवरचा हक्क जातो. परक्या गावात अडकलेल्या माणसाने घाईत 'रिफंड'वर बोट ठेवू नये. रद्द झाल्याचा ईमेल आणि खाण्याची बिलं जपून ठेवा.

पॅरिस-रोम विमान गेलं आणि संप फक्त विमानांचा असेल, तर पॅरिस-मिलान थेट रेल्वे सुमारे सात तासांची आहे, पुढे मिलान-रोम तीन-साडेतीन. वेगळं तिकीट असल्यामुळे पुढचं विमान चुकलं तर आखाती कंपनी थांबणार नाही. रोममध्ये निदान दोन रात्री मोकळ्या ठेवा.

कारेलीबागहून

पर्यायी विमान लंडनमार्गे देऊ केलं तर आधी व्हिसा विचारा. भारतीय पासपोर्टला तिथे नुसतं विमान बदलायलाही सहसा व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा (फ्रान्स-इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) एकदाच प्रवेशाचा असेल तर बाहेर पडल्यावर परत आत येता येत नाही. आणि संपामुळे व्हिसाची मुदत संपायला आली तर ती संपण्याआधीच स्थानिक अधिकाऱ्यांकडे वाढ मागायची; नाइलाजाने अडकलेल्यांना ती फुकट मिळते.

इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि परतीच्या तारखेपुढे निदान आठवडाभर पुरेल इतकं. संपात चेक-इन केलेली बॅग कुठे पडून राहील सांगता येत नाही. विमा आत्ताच काढा. संप जाहीर झाल्यावर काढलेल्या विम्यात तो संप धरत नाहीत. खायला खाकरे, शेंगदाण्याची चिक्की द्या. पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

मांजलपूरहून

खूप आधार वाटला. एकच राहिलं: रोमचं परतीचं विमान दुपारी ३ चं आहे. त्या दिवशी रेल्वेचा संप निघाला तर?

दांडिया बाजारहून

सकाळी ६ ते ९ मधलीच गाडी. टर्मिनी (रोमचं मुख्य स्टेशन) ते फ्युमिचीनो (विमानतळ) लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटं घेते. ८ च्या आत टर्मिनीला पोचायला सांगा. हॉटेल स्टेशनापासून चालत असलं तर मेट्रोचीही वाट बघायला नको. विमानतळावर पाच-सहा तास बसावं लागेल, बाबांच्या जेवणाची आणि इन्सुलिनची वेळ तेवढी आखून द्या. संप विमानांचा असेल तर सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ६ ते ९ ची उड्डाणं संपातही चालवावीच लागतात, ३ चं त्यात बसत नाही. एनाक या तिथल्या विमान वाहतूक संस्थेच्या हमीच्या यादीत आपला फ्लाइट नंबर आहे का ते बघा. नसेल तर आदल्या दिवशीच कंपनीला फोन करून तारीख बदलून मागा.