मदत हवी आहे : मुलीच्या पोटदुखीवर पूरक उपचार करावेत का?

नमस्कार. माझ्या ९ वर्षांच्या मुलीचे पोट गेले ७ महिने वारंवार दुखते. रक्त, शौच आणि सोनोग्राफी या तपासण्यांत काही आढळले नाही, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी २०१६च्या रोम-४ निकषांनुसार (पोटाच्या अशा तक्रारींच्या निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष) ही कार्यात्मक पोटदुखी आहे, म्हणजे वेदना खरी असली तरी आतड्यात रचनात्मक दोष नाही, असे निदान केले. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, वेदनेने झोपेतून जाग येणे असे धोक्याचे लक्षण तिला नाही.

आता घरात प्रत्येकाकडे एकेक उपाय आहे (निदान मात्र कोणी विचारत नाही). मी वाचले त्यानुसार पेपरमिंट तेलातील मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करते. पण कॅप्सूल न चावता गिळावी लागते, नाहीतर छातीत जळजळ होते, आणि माझी मुलगी साधी गोळीही गिळत नाही. प्रोबायोटिक्समध्ये (उपयुक्त जिवाणू असलेल्या पूरकांमध्ये) जिवाणूच्या प्रकारानुसार परिणाम बदलतो, तरी दुकानात सारी एकाच नावाने मिळतात. काढ्यांची मला अधिक भीती वाटते, कारण काही वनौषधी मिश्रणांत शिसे सापडलेले आहे आणि सोनामुखीसारखे रेचक त्यात असले तर पोटदुखी वाढायचीच.

मुलांच्या पोटदुखीवर संमोहन उपचारांचे निष्कर्ष आशादायक आहेत. हे उपचार कोणी मुलासाठी घेतले आहेत का? किती सत्रांनंतर फरक जाणवला? शिवाय, असे उपचार चालू असल्याचे सांगितल्यावर तुमच्या डॉक्टरांनी काय म्हटले, हेही कृपया कळवावे.