स्क्रिप्टमधली कमांड गप्प करावी, पण किती?

धागाकर्ता:
स्क्रिप्टमधून चालवलेल्या कमांडचे नको असलेले आउटपुट सर्रास '/डेव्ह/नल'मध्ये, म्हणजे लिहिलेले सारे गिळून टाकणाऱ्या फाइलमध्ये, टाकले जाते आणि त्याच्या मागोमाग एररही तिथेच पाठवल्या जातात. पहिली गोष्ट रास्त आहे, दुसरी मला पटत नाही. बॅकअप चालू असताना डिस्क भरली आणि 'जागा शिल्लक नाही' हा संदेश आपणच गिळून टाकला, तर हाती फक्त शून्येतर एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा; शून्य म्हणजे यश) उरतो, तोही कोणी तपासला तर. डिस्क्रिप्टर १ (नेहमीच्या आउटपुटचा प्रवाह) आणि २ (एररचा प्रवाह) वेगळे आहेत, त्याचा उपयोग तरी काय मग?

प्रतिसाद १:
असहमत. फाइल उतरवून घेणाऱ्या कर्ल या कमांडचा प्रोग्रेस मीटरदेखील डिस्क्रिप्टर २ वरच लिहिला जातो. त्याला एरर कोण म्हणेल? क्रॉनमधली, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी, स्क्रिप्ट असे काहीही बोलली की मेल येतो, आणि रोज येणारा मेल पुढे कोणी उघडतही नाही. शिवाय एखादा प्रोग्राम बसवलेला आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर एक्झिट कोड पुरतो, आणि आउटपुट '/डेव्ह/नल'मध्ये वळवले तरी तो बदलत नाही.

प्रतिसाद २:
कर्लचे उदाहरण उलट मूळ मुद्द्यालाच बळ देते. त्याचा 'लहान एस' हा पर्याय मीटरसोबत एररही दडपतो; जोडीला 'मोठा एस' दिला की मीटर जातो आणि एरर दिसत राहते. तेव्हा आधी कमांडचे मॅन पेज (माहितीपान) उघडावे.

ज्यांना दोन्ही प्रवाह टाकायचेच आहेत, त्यांनी निदान क्रम तरी पाळावा. '२>&१' (२ ला १ च्या जागी पाठवा, ही सूचना) १ वळवण्याच्या आधी लिहिले, तर २ ला त्या क्षणी १ जिथे जात असतो ती जागा, म्हणजे टर्मिनल, मिळते; नंतर १ वळवला तरी एरर पडद्यावर येतच राहतात. बॅश या शेलमधले (कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधले), दोन्ही प्रवाह एकदम वळवणारे '&>' डॅश या दुसऱ्या शेलमध्ये लिहिणे तर त्याहून वाईट, कारण तिथे कमांड बॅकग्राउंडला जाते आणि स्क्रिप्ट तिची वाट न पाहता पुढच्या ओळीवर निघून जाते.

धागाकर्ता:
शांत पर्यायच नसेल, तर 'मेकटेंप'ने तात्पुरती फाइल करून दोन्ही प्रवाह तिच्यात घ्यावेत आणि कमांड फसली तरच ती फाइल छापावी. 'मोअरयूटिल्स' या साधनसंचातले 'क्रॉनिक' नेमके हेच करते, आणि मग क्रॉनचा मेलही कामापुरताच येतो.

प्रतिसाद १:
क्रॉनसाठी हे मान्य. मात्र कमांड मध्येच अडकून पडली, तर 'क्रॉनिक' ती संपेपर्यंत काहीच दाखवत नाही. तासन् तास चालणाऱ्या कामासाठी मी साधी लॉग फाइलच ठेवीन.