टेलिकॉमसाठी कम्युनिटी कॉलेज पुरेसं आहे का?

गच्चीवरचा_टॉवर: बारावीनंतर टेलिकॉममध्ये शिरायचं तर कम्युनिटी कॉलेजचा वर्षभराचा डिप्लोमा घ्यावा, पॉलिटेक्निकच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. मुंबईत काम आहे ते सोसायटीच्या डक्टमधल्या फायबरचं, आणि ते फळ्यावर शिकवून येत नाही.

डेसिबल: साफ चूक. बारावी सायन्सवाल्याला पॉलिटेक्निकात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे फरक एकाच वर्षाचा. पुढे इंजिनिअरिंगची वाट उघडी राहते ती वेगळीच. आता कामाचं बोलू. ओटीडीआरवर (फायबरमध्ये प्रकाश सोडून मागे फिरणाऱ्या प्रकाशावरून दोष मोजणारं यंत्र) एखाद्या जोडावर लॉसऐवजी (प्रकाश घटण्याऐवजी) चक्क ‘गेन’ (वाढ) दिसतो. जोड काही प्रकाश वाढवत नाही. दोन फायबरचा मोड फील्ड व्यास (काचेत प्रकाश पसरतो ती रुंदी) वेगळा असला की मागे फिरणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि आलेख वर उचलला जातो. दोन्ही टोकांकडून मोजून सरासरी काढली तरच खरा आकडा कळतो. हे माहीत नसलेला पोरगा ‘जोड झकास’ म्हणून क्लोजर (जोडांचा डबा) बंद करून मोकळा होतो.

स्लीव्ह_राहिली: सरासरी काढायला आधी जोड तर लागला पाहिजे! 250 मायक्रॉनचं कोटिंग सोलायचं, 125 मायक्रॉनची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, मग क्लीव्ह, म्हणजे टोक सरळ कापायचं. पुसलेल्या काचेला बोट लावलंत की पुन्हा पहिल्यापासून. कापाचा कोन 1 अंशाच्या आत हवा, नाहीतर स्प्लायसर (दोन टोकं वितळवून जोडणारं मशीन) कुरकुरतो. लॉस 0.1 डीबीपेक्षा (डेसिबल, लॉस मोजायचं माप) जास्त आला तर तोडा आणि पुन्हा करा. आणि स्लीव्ह (जोडावर चढवायची संरक्षक नळी) आधीच ओवलेली हवी. नवशिके हमखास विसरतात, मग लागलेला चांगला जोड तोडावा लागतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा वाढला की स्प्लायसरच्या आर्कचं (काच वितळवणाऱ्या ठिणगीचं) कॅलिब्रेशन करून घ्यायचं. हे सगळं दोनशे जोड मारल्यावर अंगवळणी पडतं.

डेसिबल: मारा की दोनशे. पण ग्राहकाच्या ओएनटीवर (घरातल्या फायबरच्या डब्यावर) -26 डीबीएम (पोचलेल्या प्रकाशाची ताकद) दिसलं तर दोष शोधणार कुठे? हिशोब असा: ओएलटीतून (कंपनीकडच्या यंत्रातून) +3, 1:32 स्प्लिटरचे (एका फायबरचे 32 फाटे करणाऱ्या भागाचे) साधारण 17.5 वजा, 4 किलोमीटर फायबर आणि कनेक्टरचे मिळून 3 धरा. म्हणजे -17.5 च्या आसपास यायला हवं. साडेआठ डीबी कुठेतरी गळतंय. ओएनटीची मर्यादा -27 ची, त्यामुळे इंटरनेट आज चालतं आणि उद्या रडतं.

स्लीव्ह_राहिली: हिरव्या एपीसी (तिरक्या टोकाच्या) कनेक्टरमध्ये निळा यूपीसी (सरळ टोकाचा) खुपसलाय का, ते आधी बघायचं. नाहीतर कपाटामागे पॅचकॉर्ड (छोटी जोडकेबल) मुडपलेली असते. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीला तो वाक 1310 पेक्षा जास्त लॉस दाखवतो, त्यावरून लगेच ओळखू येतो.

डेसिबल: बघा, तुम्हीही थिअरीच सांगताय.

गच्चीवरचा_टॉवर: बरं, ‘वर्षभर पुरे’ हे मागे घेतो. पण प्रवेशाआधी कॉलेजला दोन गोष्टी विचाराच, मग ते कोणतंही असो: स्प्लायसर किती आणि विद्यार्थी किती? क्लीव्हरचं पातं शेवटचं कधी फिरवलं? वीस पोरांत एक मशीन असेल तर उरलेले एकोणीस जण नुसते बघे.

डेसिबल: तिसरी गोष्ट: ओटीडीआर कपाटात कुलूपबंद आहे की टेबलावर?