मोंगोडीबीत जावाचे ऑब्जेक्ट साठवताना: काय आत ठेवायचं, काय बाहेर? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

स्प्रिंग बूटवर (जावाची फ्रेमवर्क) ऑर्डर नोंदवण्याची एक प्रणाली लिहितेय. डेटाबेस मोंगोडीबी, म्हणजे टेबलांऐवजी डॉक्युमेंटांत नोंदी ठेवणारा. ऑर्डरचा अख्खा ऑब्जेक्ट एकाच डॉक्युमेंटात बसावा, वाचताना पाच-सहा टेबलं जोडावी लागू नयेत, म्हणूनच तो निवडला. आता तीन ठिकाणी अडलेय.

पहिलं आणि सगळ्यात त्रासदायक: ऑर्डरमध्ये ग्राहक आहे आणि ग्राहकाच्या क्लासमध्ये त्याच्या ऑर्डरींची यादी. जावात हे चालून जातं, कारण तिथे नुसते संदर्भ असतात. सेव्ह करताना मात्र ऑर्डरच्या आत ग्राहक, त्याच्या आत ऑर्डरी, त्यांच्या आत पुन्हा ग्राहक, असं स्टॅक ओव्हरफ्लो (स्टॅकची मेमरी संपून एरर) होईपर्यंत चालतं. डीबीरेफ (दुसऱ्या डॉक्युमेंटाकडे बोट दाखवणारा संदर्भ) लावून पाहिलं, फेरा सुटतो. पण मग प्रत्येक संदर्भासाठी वेगळी क्वेरी जाते. डॉक्युमेंट डेटाबेस घेतला तो यासाठी नव्हे!

दुसरं: पेमेंट हा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास, त्याचे कार्ड, रोख आणि वॉलेट असे सबक्लास. डॉक्युमेंटात ‘_क्लास’ या फील्डमध्ये पॅकेजसकट पूर्ण नाव साठवलेलं दिसतं. आम्ही पॅकेजची नावं बदलणार आहोत. जुन्या नोंदी वाचता येतील का?

तिसरं: बिगडेसिमलमधली (जावातला अचूक दशांश संख्यांचा प्रकार) किंमत स्ट्रिंग म्हणून जातेय, त्यामुळे क्रम लावला की १०० हे २० च्या आधी येतं.

आत काय, बाहेर काय हे तुम्ही कसं ठरवता? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मी एकच प्रश्न विचारतो: ऑर्डर पुसली तर ही वस्तू उरायला हवी का? ऑर्डरमधल्या ओळी (एकेका मालाची नोंद) उरायचं कारण नाही, त्या आत. ग्राहक उरतो, तो वेगळ्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या गटात). ऑर्डरमध्ये ग्राहकाचा आयडी ठेवा आणि सोबत नाव-पत्ता कॉपी करा. ही कॉपी खटकेल, पण ती हवीच. ग्राहकाने उद्या पत्ता बदलला तरी जुन्या बिलावर त्या दिवशीचाच पत्ता दिसला पाहिजे. ओळीतल्या किमतीचंही तेच.

ग्राहकाच्या क्लासमधून ऑर्डरींची यादी काढूनच टाका. ऑर्डर कलेक्शनमध्ये ग्राहक आयडीवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) करा, यादी हवी तेव्हा क्वेरीने मिळते. वाढतच जाणारी यादी डॉक्युमेंटात ठेवू नये. एका डॉक्युमेंटाची मर्यादा १६ एमबी आहे, पण त्याच्या खूप आधीच प्रत्येक वाचन जड होऊ लागतं.

पॅकेज बदललंत तर पेमेंट वाचताना नक्की अडेल. जुन्या नावाचा क्लास सापडत नाही, मग स्प्रिंग ॲब्स्ट्रॅक्ट पेमेंटचाच ऑब्जेक्ट बनवायला जातं आणि एरर येते. आत्ताच प्रत्येक सबक्लासला टाइपअलायस ॲनोटेशनने (क्लासला टोपणनाव देणारी खूण) ‘कार्ड’, ‘रोख’ अशी छोटी नावं द्या आणि जुन्या नोंदींतलं ‘_क्लास’ अपडेटमेनीने (अनेक नोंदी एकदम बदलणारी आज्ञा) बदलून घ्या. मात्र ही नावं स्प्रिंगला ॲप्लिकेशन सुरू होतानाच माहीत हवीत. स्प्रिंग सुरुवातीला क्लास शोधतं त्या स्कॅनमध्ये डॉक्युमेंट ॲनोटेशन असलेले क्लास सापडतात, आत बसणारे सबक्लास सुटू शकतात. ते मॅपिंगच्या सुरुवातीच्या यादीत स्वतः घाला. यात भलेभले अडकतात.

प्रतिसाद २

किमतीसाठी डेसिमल१२८ (डेटाबेसमधला अचूक दशांश प्रकार) वापरा, मोंगोडीबी ३.४ पासून आहे. फील्ड ॲनोटेशनमध्ये टार्गेट टाइप दिला की झालं. डबल वापरू नका, ०.१ सारखी संख्या त्यात अचूक बसत नाही आणि बेरजेत फरक पडतो. जुन्या स्ट्रिंगा टूडेसिमलने बदलता येतील. ४.२ पासून अपडेटमध्ये ॲग्रीगेशन पाइपलाइन (टप्प्याटप्प्याने डेटा बदलण्याची पद्धत) चालते. किंमत ओळींच्या यादीत असेल तर मॅप (प्रत्येक ओळीवर तीच क्रिया) लावावा लागेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उरायला हवी का, या प्रश्नाने बरंच सुटलं. एक राहिलं: ऑर्डर सेव्ह करताना साठाही कमी करायचा आहे, आणि साठा वेगळ्या कलेक्शनमध्ये आहे. एक झालं, दुसरं राहिलं, तर?

प्रतिसाद २

एका डॉक्युमेंटावरचं लिखाण नेहमीच अखंड होतं, म्हणजे पूर्ण होतं किंवा अजिबात नाही. दोन डॉक्युमेंटं असली की ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र, नाहीतर एकही नाही) घ्या, ४.० पासून म्हणजे २०१८ पासून ती सोय आहे. त्यासाठी रेप्लिका सेट (डेटाच्या प्रती ठेवणारा सर्व्हरांचा गट) लागतो, स्वतःच्या मशीनवर एकाच नोडचा केला तरी चालतो. स्प्रिंगमध्ये मोंगो ट्रान्झॅक्शन मॅनेजरचं बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) स्वतः जाहीर करावं लागतं, नाहीतर ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन लावूनही मोंगोवर काहीच होत नाही. आणि साठा कमी करणाऱ्या अपडेटच्या अटीतच ‘साठा मागणीइतका किंवा जास्त’ हे घाला, आधी वाचून मग लिहू नका.