स्लॅब ओतताना बघतो कोण?
इमारती कोसळू नयेत म्हणून गोव्याला आता बांधकामाचा नवा कडक कायदा हवा, असं काही जण म्हणतात. अहो, कायदा आहे की! २०१० ची भूविकास व बांधकाम नियमावली पेडण्यापासून काणकोणपर्यंत लागू आहे. घोडं पेंड खातं ते अंमलबजावणीत. नगर नियोजन खातं कागदावरचा आराखडा बघून तांत्रिक मंजुरी देतं, गावात परवाना पंचायत देते. पण स्लॅब ओतण्याआधी सळ्या किती मिलिमीटरच्या, किती अंतरावर बांधल्यात, कॉलमच्या रिंगा (खांबाच्या उभ्या सळ्यांना बांधायची कडी) नीट वळवल्यात का, हे बघायला शिडीवर चढतो कोण? पंचायतीचा सचिव? तो बिचारा घरपट्टी नि ग्रामसभेच्या इतिवृत्तातच बुडालेला. मग मालकानेच नेमलेल्या अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र फायलीला लागतं आणि काम पुढे सरकतं.

४ जानेवारी २०१४ ला काणकोणमधल्या चावडी या भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले. तिथे तर पंचायत नव्हे, नगरपालिका होती; म्हणजे प्रश्न फक्त गावांचा नाही.

माझं मत विचाराल तर चार-पाच पंचायतींना मिळून एक स्ट्रक्चरल अभियंता द्या, पगार परवाना शुल्कातून काढा. त्याची सही झाल्याशिवाय काँक्रीटचा मिक्सर सुरू करायचा नाही. सरपंचांना ते आवडणार नाही, हेही खरंच.